शहामृगाची तारीख कापू नका

प्रति,
माननीय अध्यक्ष व सर्व सदस्य,
इतिहास अभ्यास मंडळ

विषय : तृतीय वर्ष कला शाखेच्या ‘आधुनिक जगाचा इतिहास’ या पेपरमधून युद्धपूर्व व्यंगचित्रांचा भाग वगळल्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

सुधारित अभ्यासक्रम हातात पडला, तेव्हा मी सगळ्यात आधी तिसरा घटक उघडला. ‘व्यंगचित्र-वाचन : अमेरिकेची तटस्थता, १९३५ ते १९४१’ ही ओळ तिथे नव्हती. तिचे अंतर्गत मूल्यमापनाचे दहा गुणही गेले होते. त्या जागी ‘थोडक्यात टिपा लिहा’ आलं आहे. मी दोनदा लेखी विचारणा केली. दोन्ही वेळा ‘नोंद घेतली आहे’ एवढंच उत्तर मिळालं. ऑनलाइन बैठकीत तोंडी कारणं सांगितली गेली, पण ती कागदावर कुठेच नाहीत. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. माझ्याबरोबर शिकवणाऱ्यांनी, शिकून गेलेल्या मुलांनी आणि त्यांच्या पालकांनीही ते वाचावं अशी इच्छा आहे.

मी तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात चोवीस वर्षं इतिहास शिकवते. यातली अकरा वर्षं ही व्यंगचित्रं वर्गात दाखवली आहेत. प्रोजेक्टर चालला तर पडद्यावर, नाहीतर मोठ्या कागदावरच्या झेरॉक्स काढून. एका बाकाला एक कागद.

पण माझा संबंध एवढाच नाही. माझे आजोबा मराठा पलटणीत होते. १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर इटलीच्या फौजेशी जी लढाई झाली, तिथे ते होते. लढाईबद्दल ते फार बोलत नसत. बोलले तर पाण्याबद्दल बोलत. पाण्याचे डबे पाठीवर बांधून रात्री डोंगर चढायचा, वरच्यांना पाणी पोचवायचं आणि उजाडायच्या आत खाली यायचं. मी लहानपणी विचारलं होतं, “आजोबा, तुम्ही का गेलात लढायला?” ते म्हणाले, “आम्हाला कुणी इचारलं व्हतं?”

ते अक्षरशः खरं होतं. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरला आहे असं जाहीर केलं, ते इथल्या कुठल्याही लोकप्रतिनिधीला न विचारता. त्याच्या निषेधात काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबईचं बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळही त्यात होतं. माझ्या आजोबांच्या देशाला तटस्थ राहायचं की नाही, हा प्रश्न विचारलाच गेला नाही. अमेरिकेला मात्र तो सव्वादोन वर्षं रोज विचारला जात होता. वर्तमानपत्रांत, सभांमध्ये, रेडिओवर, आणि व्यंगचित्रांत. आजोबा केरेनच्या डोंगरावर होते, त्याच्या महिनाभर पुढे न्यूयॉर्कमध्ये एक माणूस अमेरिकेच्या तटस्थतेची टर उडवणारा शहामृग काढत बसला होता. ही दोन चित्रं शेजारी ठेवली की युद्ध म्हणजे काय हे मुलांना कळतं. नुसत्या कायद्यांच्या यादीतून ते कळत नाही.

ती यादीही मी शिकवतेच. ऑगस्ट १९३५ चा पहिला तटस्थता कायदा : लढणाऱ्या देशांना शस्त्रं विकायची नाहीत. १९३७ मध्ये इतर मालासाठी अट आली की रोख पैसे मोजा आणि आपल्याच जहाजातून घेऊन जा. पोलंड पडल्यावर नोव्हेंबर १९३९ मध्ये शस्त्रंही त्याच अटीवर विकायला परवानगी मिळाली. मार्च १९४१ मध्ये लेंड-लीज, म्हणजे मित्रदेशांना शस्त्रं उसनी देण्याचा कायदा आला आणि रोखीची अट मागे पडली. चार ओळींत संपतं. मुलं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात, कारण या चार ओळींत माणूस नाही.

आणि मराठीत एक जास्तीची अडचण आहे, ती आपण सगळेच जाणता. त्या काळातल्या अमेरिकेच्या धोरणालाही आपण ‘अलिप्ततावाद’ म्हणतो, आणि नेहरूंच्या धोरणालाही ‘अलिप्ततावाद’च म्हणतो. दरवर्षी पेपर तपासताना ‘अमेरिका युद्धात नको’ म्हणणाऱ्या लिंडबर्गवरच्या उत्तरात अलिप्त राष्ट्रांची १९६१ ची बेलग्रेडची परिषद सापडते. मुलांचा दोष नाही, शब्द एकच आहे. व्यंगचित्रांनी हा घोळ माझ्या वर्गात मिटवला. वाळूत डोकं खुपसलेला शहामृग एकदा पाहिलेलं पोर त्याला नेहरूंच्या शेजारी नेऊन बसवत नाही. दोन्ही धोरणांवर टीका करता येईल, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याला दिसलेलं असतं.

वर्गात काय होतं ते जरा सविस्तर सांगते, कारण निर्णय घेण्याआधी कुणी वर्गात येऊन बसलं असतं तर बरं झालं असतं असं मला मनापासून वाटतं.

थिओडोर गाइझेल, म्हणजे पुढे मुलांच्या चित्रपुस्तकांमुळे डॉ. स्यूस म्हणून जगभर गाजलेला माणूस. १९४१ ते १९४३ या काळात न्यूयॉर्कच्या ‘पीएम’ नावाच्या दैनिकात त्यानं चारशेहून जास्त राजकीय व्यंगचित्रं काढली. जाहिराती न घेणारं हे पत्र हिटलरविरोधात ठाम उभं होतं. एप्रिल १९४१ मधल्या एका चित्रात माणसांना शहामृगाच्या डोक्याच्या टोप्या वाटल्या जात आहेत. टोपी घाला आणि वाईट बातम्या विसरा, अशी जाहिरात शेजारी आहे. रोख आहे लिंडबर्गवर. १९२७ मध्ये एकट्यानं अटलांटिक ओलांडणारा हा वैमानिक युद्धात उतरू नका म्हणणाऱ्या ‘अमेरिका फर्स्ट’ समितीचा सगळ्यात लोकप्रिय वक्ता झाला होता. आठ लाखांवर सभासद असलेली समिती होती ती.

त्यानंतर २२ मेचं चित्र. सुतारपक्षी झालेला हिटलर एकेक झाड पाडत चालला आहे, पडलेली झाडं म्हणजे एकेक देश. एका झाडावर अमेरिका नावाचा पक्षी डुलक्या घेतो आहे. उरलेलं झाड पाडून झालं की हा दमेलच बहुतेक, असं त्याला वाटतं. मुलं झाडं मोजतात. मग मी विचारते, या तारखेनंतर बरोबर एक महिन्यानं काय झालं? २२ जून १९४१. कुणीतरी शोधून काढतं : सोव्हिएत रशियावर हल्ला. वर्ग काही क्षण गप्प होतो. त्या गप्प होण्यासाठी मी हा घटक शिकवते. चित्र काढणाऱ्याला २२ जून माहीत नव्हता. आपल्या पाठ्यपुस्तकाला सगळं माहीत असतं, युद्ध कोण जिंकणार हेही. त्यामुळे पुस्तकातले निर्णय सोपे वाटतात. व्यंगचित्र त्या दिवशीचं असतं, उद्याचा दिवस न बघितलेलं. न कळलेल्या उद्यासमोर माणसं कशी वाद घालतात, हे दाखवणारं याहून चांगलं साधन मला चोवीस वर्षांत सापडलेलं नाही.

आणि १ ऑक्टोबर १९४१. अंगावर ‘अमेरिका फर्स्ट’ लिहिलेली एक आई मुलांना लांडग्याची गोष्ट वाचून दाखवते आहे. लांडग्याचं नाव अॅडॉल्फ. ओळीचा मराठी आशय असा : लांडग्यानं पोरं चावून खाल्ली आणि हाडं थुंकून टाकली, पण ती परक्या देशातली पोरं होती, त्यामुळे त्याचं एवढं काही नाही. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी, कधी न बोलणारी, म्हणाली, “मॅडम, आई शांत आहे. पोरं शांत नाहीत.” मी ते चित्र शंभरदा दाखवलं असेल. मुलांच्या चेहऱ्याकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार सगळ्यात गंभीर आहे. बैठकीत सांगितलं गेलं की यातलं एक चित्र ‘अश्लील’ आहे. चित्र सी. डी. बॅचलर यांचं, न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’मधलं, १९३६ सालचं. त्याला १९३७ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. युद्ध ही वेश्येच्या रूपातली बाई आहे, तिचा चेहरा म्हणजे कवटी. ती एका पोरसवदा तरुणाला आत बोलावते आहे. तरुण म्हणजे ‘युरोपातला कोणीही तरुण’. ती म्हणते, ये आत, तुझ्याशी चांगलंच वागेन, तुझ्या बापाला ओळखायचे मी. ‘बापाला’ या एका शब्दात १९१४ ते १९१८ चं अख्खं महायुद्ध आहे. ज्या मुलांचे बाप त्यात मेले, ती मुलं १९३६ मध्ये वीस-बावीस वर्षांची होती.

हे चित्र काढून टाकलं की या वादाची दुसरी बाजू वर्गातून जाते. तटस्थता मागणारे सगळे भित्रे नव्हते आणि सगळे हिटलरचे चाहतेही नव्हते. अमेरिकेनं पहिल्या महायुद्धात सुमारे १ लाख १६ हजार माणसं गमावली होती. सिनेटर जेराल्ड नाय यांच्या समितीनं १९३४ पासून शस्त्र कारखानदारांच्या आणि बँकांच्या नफ्याची चौकशी केली होती, आणि कुणाच्या तरी फायद्यासाठी आपली पोरं मेली अशी भावना घराघरांत होती. त्याच वेळी लिंडबर्गनं सप्टेंबर १९४१ मध्ये डे मॉइनच्या सभेत ज्यूंवर युद्धाला ढकलण्याचा आरोप केला, हेही त्या बाजूचंच आहे. दोन्ही सांगावं लागतं.

आमच्याकडे फौजेत जाणारी घरं खूप. एका विद्यार्थ्याचा भाऊ सीमेवर होता. गाइझेलची चित्रं बघून सगळे हसत होते तेव्हा तो हसला नाही. बॅचलरचं चित्र आल्यावर तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, “शहामृग काढणं सोपं आहे मॅडम. ज्यांच्या घरातला जाणार त्यांना विचारा.” त्या दिवशी तास संपल्यावरही वाद चालू राहिला. अश्लील म्हणून जे चित्र तुम्ही काढलंत, त्यानं त्या मुलाला बोलायला जागा दिली होती.

दुसरी तक्रार वंशद्वेषी ठरवलेल्या चित्राबद्दल. इथे मंडळाचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. चित्र वंशद्वेषीच आहे. जपाननं पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर हल्ला केल्यानंतर दोन महिन्यांनी, १३ फेब्रुवारी १९४२ ला याच गाइझेलनं पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांची लांबच लांब रांग काढली. सगळे चेहरे एकसारखे, सगळे हसत स्फोटकं घेत आहेत, मायदेशाच्या इशाऱ्याची वाट बघत आहेत. सहाच दिवसांनी, १९ फेब्रुवारीला, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी या लोकांना हलवण्याचा तो कुप्रसिद्ध आदेश काढला आणि सुमारे १ लाख २० हजार माणसं छावण्यांत कोंडली गेली. त्यातले दोनतृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. १९८८ मध्ये अमेरिकेनं कायदा करून माफी मागितली.

परक्या पोरांसाठी कळवळणारा हात आणि शेजारच्या माणसावर संशयाचं बोट रोखणारा हात एकाच माणसाचा होता. मध्ये पाच महिनेसुद्धा गेले नव्हते. हे मुलांना कुठे शिकवायचं? मी हे चित्र दाखवण्याआधी दहा मिनिटं बोलते, काय दिसणार आहे ते सांगते, आणि त्या छावण्यांची माहिती वाचून घेते. मग दाखवते. ते लपवलं तर मुलांच्या मनात डॉ. स्यूस देव होऊन बसेल, आणि आपल्या आवडत्या माणसाचं चित्र तपासून बघायची सवय लागणार नाही.

तिसरी तक्रार तुमच्या नव्या संदर्भ पुस्तिकेबद्दल. अभ्यासक्रमातून व्यंगचित्रं काढलीत, पण पुस्तिकेच्या चौतीसाव्या पानावर शहामृगाचं चित्र सजावटीला ठेवलं आहे. खालची ओळ कापलेली, वर्तमानपत्राचं नाव नाही, चित्रकाराचं नाव नाही, तारीख नाही. इतिहासाच्या पुस्तकात! तारीख कापलेला शहामृग म्हणजे नुसता पक्षी. तो एप्रिल १९४१ चा असेल तर इशारा आहे, आणि ८ डिसेंबर १९४१ चा, म्हणजे पर्ल हार्बरच्या दुसऱ्या दिवशी स्फोटात उडालेला शहामृग असेल तर ‘मी म्हणालो होतो’ आहे. या दोन्हींत फरक करायला शिकवणं हाच तर आपला विषय.

चौथी गोष्ट तक्रारीपेक्षा विनंती म्हणून घ्या. ‘२०१२ सारखं काही व्हायला नको’ असं बैठकीत दोनदा म्हटलं गेलं. ती भीती मला समजते. शंकर यांचं १९४९ चं, संविधानाच्या संथ गतीवरचं, बाबासाहेब आंबेडकर ज्यात आहेत ते व्यंगचित्र केंद्रीय पाठ्यपुस्तकात होतं, त्यावरून मे २०१२ मध्ये संसदेत गदारोळ झाला. सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी सल्लागारपदाचे राजीनामे दिले, पुण्यात पळशीकर सरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. ज्यांना ते चित्र लागलं त्यांचं दुःख मी खोटं म्हणणार नाही, बाबासाहेबांबद्दलच्या भावनेला माझ्या घरातही तेवढीच जागा आहे. पण त्या प्रसंगातून शिक्षकांना तयार करायला हवं, चित्र संदर्भासकट द्यायला हवं, असा धडा घेता आला असता. आपण घेतला तो धडा सगळीच चित्रं गुंडाळायचा.

आणि चित्रांना भ्यायची परंपरा कुणाची आहे तेही मंडळानं आठवावं. नोव्हेंबर १९३७ मध्ये ब्रिटनचे मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स जर्मनीला गेले तेव्हा हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सनं तक्रार केली ती लंडनच्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मधल्या डेव्हिड लो यांच्या व्यंगचित्रांची. परत आल्यावर लो यांना हात आवरता घ्यायची गळ घालण्यात आली. ऑस्ट्रिया गिळला गेला तेव्हा त्यांनी ते बंधन झुगारलं. त्याआधी पहिल्या महायुद्धात हॉलंड तटस्थ होता, पण आम्स्टरडॅमच्या ‘टेलिग्राफ’मधला लुई रामेकर्स तटस्थ नव्हता. त्याच्या जर्मनीविरोधी चित्रांमुळे देशाची तटस्थता धोक्यात येईल म्हणून डच सरकार धास्तावलं होतं. हेच लो आपल्या आर. के. लक्ष्मण यांचे बालपणापासूनचे आदर्श. लहानपणी त्यांना लो यांची सही ‘काऊ’ अशी वाचता येई, हे त्यांनीच सांगितलं आहे. बाळासाहेब ठाकरेही लो यांना मानत. ज्या महाराष्ट्रात व्यंगचित्राच्या ओळीसाठी लोक सकाळचा पेपर उघडत आले, तिथल्या विद्यापीठानं इतिहासाच्या वर्गातून व्यंगचित्र हद्दपार करावं, हे मला सहन होत नाही.

गुण देणं अवघड जातं, असंही एक कारण ऐकलं. जातं. पहिली दोन वर्षं माझी फजिती झाली. मग आम्ही तीन कॉलेजांच्या शिक्षकांनी बसून पाच प्रश्न ठरवले : चित्र कधीचं, कुठे छापलं, कुणावर रोख, चित्रकाराला त्या दिवशी काय माहीत नव्हतं, आणि समोरच्या बाजूनं याला काय उत्तर दिलं असतं. प्रत्येकी दोन गुण. अडचण उरली नाही. ही प्रश्नावली मी तुमच्या कार्यालयाकडे पाठवली आहे. चित्रं मिळत नाहीत असंही नाही. गाइझेलची चित्रं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या ग्रंथालयानं इंटरनेटवर सर्वांसाठी खुली ठेवली आहेत.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

व्यंगचित्र-वाचनाचा भाग आणि त्याचे दहा गुण याच शैक्षणिक वर्षापासून परत द्यावेत. चित्रं एकेकटी न देता संच म्हणून द्यावीत, त्यात युद्धात उतरा म्हणणारीही हवीत आणि उतरू नका म्हणणारीही. प्रत्येक चित्राखाली तारीख, पत्राचं नाव, चित्रकाराचं नाव आणि मूळ ओळ मराठी अर्थासह छापावी. पुस्तिकेतलं चौतीसावं पान दुरुस्त करावं. जी चित्रं कुणाला लागू शकतात ती न काढता त्यांच्याबरोबर शिक्षकांसाठी एक पानाचं टिपण द्यावं, ते लिहायला आम्ही तयार आहोत, मानधन नको. घटकाच्या सुरुवातीला ३ सप्टेंबर १९३९ चा हिंदुस्थान यावा, म्हणजे तटस्थतेचा प्रश्न कुणाला विचारला गेला आणि कुणाला नाही हे मुलांना आधी कळेल. आणि ज्या बैठकीत हा निर्णय झाला तिचं इतिवृत्त संकेतस्थळावर ठेवावं. निर्णय कायम ठेवायचा असेल तर ठेवा, पण कारणं लिहून द्या, त्यांना लिहून उत्तर देण्याची संधी आम्हाला मिळावी.

कॉलेज पुढच्या महिन्यात सुरू होतंय. वर्गात लावायला बारा चित्रं मी पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवली आहेत. तेरावा पुठ्ठा आजोबांच्या पलटणीतल्या फोटोचा आहे, त्याच्या मागे त्यांनी पेन्सिलीनं ‘केरन, सन ४१’ लिहिलं आहे. मंडळातल्या कुणीही, कुठल्याही दिवशी, न कळवता माझ्या तासाला येऊन मागच्या बाकावर बसावं. आमचा तिसऱ्या वर्षाचा तास सकाळी साडेआठला असतो.

आपली,
इतिहासाची एक प्राध्यापिका